कुणी मागवलं होतं?

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घराला फाटक एकच, पण बिऱ्हाडं तीन. खाली आम्ही, वर दीर-जाऊबाई, मागच्या अंगाला चुलतसासूबाई. दुकानातून काहीही आलं तरी पत्ता तोच. व्हरांड्यात बसलेल्या सासूबाई मात्र अचूक सांगायच्या, "साडी ना? वर दे. तिनेच मागवली आहे." न मागवलेलं घेऊन येणारा फाटकातूनच परत!

गेल्या महिन्यात दुपारी त्यांचा डोळा लागला. उठल्या तर काही आठवेना, आणि औषधवाल्या मुलाला त्यांनी परत पाठवलं. औषध होतं मामंजींच्या रक्तदाबाचं. संध्याकाळी आमची किती धावपळ झाली म्हणून सांगू!

भाचा पुण्याहून आला होता. तो क्लाउडच्या कामात आहे. म्हणाला, "मामी, आजी म्हणजे अगदी तुमच्या घरचा राउटर!"

त्याने समजावलं ते असं. इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. फेब्रुवारी २०११ मध्ये या पत्त्यांचा मध्यवर्ती साठाच संपला. यावरची तोड १९९४ मध्येच मांडली गेली होती : घरातल्या सगळ्या यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरायचा. कुणी काय मागवलं ते राउटर वहीत टिपतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. ही 'स्टेटफुल', म्हणजे आठवण ठेवणारी पद्धत. राउटर बंद करून सुरू केला की वही कोरी, चालू कॉल तुटतो. बराच वेळ देवाणघेवाण झाली नाही तरी नोंद पुसली जाते. क्लाउडमधल्या भाड्याच्या संगणकांच्या फाटकावरही हेच चालतं. ॲमेझॉनच्या सेवेत ३५० सेकंद शांतता राहिली की नोंद गेलीच. म्हणून संगणक मधूनमधून नुसतीच 'मी आहे' अशी हाक देत राहतात.

दुसरी पद्धत 'स्टेटलेस'. तिथे वही नाही, ठरलेला नियम : आतला हा पत्ता म्हणजे बाहेरचा तो. विसरण्याचा प्रश्नच नाही. एक फाटक बिघडलं तर दुसरं तोच नियम पाळतं. पण प्रत्येकाला बाहेरचा स्वतंत्र पत्ता लागतो, आणि न बोलावलेलाही थेट दारापर्यंत पोहोचतो. कुलूप वेगळं लावावं लागतं.

आम्ही फाटकावर नावांसकट तीन घंट्या बसवल्या. औषधवाल्याला मामंजींच्या नावाची घंटी दाखवून ठेवली. सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं काम गेलं म्हणायचं?"

"छे हो आई! घंटी काय, कुणीही वाजवेल. आत कुणाला घ्यायचं ते तुम्हीच बघायचं."

त्यांनी लगेच खुर्ची फाटकाजवळ सरकवून घेतली.