पोट शिवले, श्वासाचे काय?

सांगवीतल्या एका आरोग्यविषयक सभेत एका वक्त्याने ठणकावून सांगितले: पोटाचे ऑपरेशन झाले की आठवडाभर निवांत पडून राहावे, खोकू नये, टाके उसवतात, न्यूमोनिया होतो तो वयामुळे, आणि झालाच तर अँटिबायोटिक आहेतच. टाळ्याही पडल्या. या सल्ल्याने माणसे दगावू शकतात, म्हणून तो खोडून काढणे भाग आहे.

वयाने धोका वाढतो, हे खरे. पण वय कमी करणे कुणाच्या हातात नाही, उठून बसणे आहे.

अँटिबायोटिकचे म्हणाल, तर १९५४ साली सांगवीजवळच्याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली. त्या पंचक्रोशीत या औषधांचे मोल कुणाला शिकवायला नको. पण मिटलेल्या फुप्फुसात हवा भरणारे अँटिबायोटिक अजून निघालेले नाही.

आता ‘निवांत पडून राहा’ या वेदवाक्याकडे वळू. भूल दिल्यावर काही मिनिटांतच बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांचा पाठीकडचा, खालचा भाग मिटू लागतो. बेंबीच्या वर चीर गेली असेल तर श्वासपटलाला साधा धक्काही लागलेला नसताना त्याची हालचाल मंदावते. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला तर जेवढी हवा बाहेर येते, ती अशा ऑपरेशननंतर जवळपास निम्म्यावर येते आणि पूर्ववत व्हायला आठवडा किंवा अधिक लागतो. त्यात रुग्णाला उताणे झोपवले की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. दुखते म्हणून तो वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ आत साचतो, मिटलेला भाग मिटलेलाच राहतो आणि तिथे जंतू वाढतात. मग ताप, धाप, ऑक्सिजन. नातेवाईक म्हणतात, ‘ऑपरेशन चांगले झाले होते हो, मध्येच न्यूमोनिया झाला.’ तो मध्येच झालेला नसतो. विश्रांतीच्या नावाखाली त्याला जागा करून दिलेली असते.

आणि टाके? उशी पोटाशी घट्ट धरून खोकले तर जखमेला आधार मिळतो. उलट न्यूमोनिया झाल्यावर जो अनावर खोकला येतो, त्याचा ताण टाक्यांवर कितीतरी जास्त पडतो. टाक्यांची काळजी असणाऱ्याने आधी न्यूमोनियाची काळजी करावी.

याच गोटातला एक जुना युक्तिवाद आठवतो: ऑपरेशनच्या तोंडावर बिडी सोडली तर कफ वाढतो, म्हणून ओढत राहा. अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत या भीतीला आधार मिळालेला नाही. चार आठवडे आधी सोडली तर उत्तम, उशिरा सोडली तरी नुकसान नाही. दुसऱ्या टोकाची मंडळी श्वास आत ओढून वापरायचे तीन गोळ्यांचे यंत्र (स्पायरोमीटर) हातात देऊन मोकळी होतात. पोटाच्या वरच्या भागातील ऑपरेशनांत त्याचा फायदा सिद्ध होत नाही, असा वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. यंत्र विकत घेतले म्हणजे श्वास शिकवला, असे होत नाही. आणि नव्या सांगवीत औंध उरो रुग्णालय आहे म्हणून छातीचा विचार फक्त तिथेच व्हावा, पोटाच्या वॉर्डात नको, हा समजही आता सोडायला हवा.

मग करायचे काय? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागातील ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास बसून श्वास आणि खोकला शिकवला, तेव्हा फुप्फुसाच्या गुंतागुंतीचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सोबत वेदना आटोक्यात ठेवावी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, रोज दात घासावेत, आणि डॉक्टरांच्या संमतीने दुसऱ्याच दिवशी रुग्णाला खुर्चीत बसवावे, चार पावले चालवावे. यातले काहीच महागडे नाही.

संमतिपत्रावर सही करण्याआधी नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारावेत: आमच्या माणसाला खोकायला कोण शिकवणार, आणि त्याला कधी उठवून बसवणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.