आधी खोली, मग ॲम्प्लिफायर

मध्यम खर्चात घरी स्टीरिओ यंत्रणा उभारायची म्हटली की पहिला प्रश्न असतो, ॲम्प्लिफायर किती वॅटचा? ‘उबदार’ आवाज हवा म्हणणाऱ्याला लगेच वाल्व्हचा ॲम्प्लिफायर सुचवला जातो. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत आज उभी राहणारी घरे पाहिली तर हा क्रम उलटा असायला हवा. जुन्या कौलारू घराचे उतरते छप्पर, लाकडी वासे आणि उघडी दारे आवाज विखरून टाकत, थोडा बाहेरही सोडत. नव्या घरातल्या चकचकीत लाद्या, स्लॅब, सपाट भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या तो परत फेकत राहतात. अशा खोलीत केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकरांचे जुने ध्वनिमुद्रण लावले, तर तबकडीची खरखर गळ्याच्या पुढे येते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. म्हणून पैशांचा विचार खोलीपासून सुरू व्हावा, मग स्पीकर आणि शेवटी ॲम्प्लिफायर.

याचा पुरावा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द कळेनासे झाले होते, कारण आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडल्या, तसा तो सेकंदाच्या जरा वर येऊन थांबला. वॅटचे गणित मात्र फार कंजूस आहे. ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा, तर साधारण दहापट ताकद लागते. घरगुती खोलीत एवढी गरज क्वचितच पडते. ६० हजार रुपये हाती असतील, तर ३० हजार स्पीकरना, १५ हजार साध्या ॲम्प्लिफायरला आणि उरलेले स्टँड, जाड कापड व व्होल्टेज स्टॅबिलायझरला द्यावेत. स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचे, हे तर फुकटात करून पाहता येते. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो, पुढे ओढले की मोकळा होतो.

वाल्व्हचे चाहते म्हणतील की ती गोडी दुसरीकडे मिळत नाही. वाल्व्ह मूळ स्वरात थोडे स्वरांश मिसळतात आणि ते कानाला सुखावतात, हे खरेच. पण भिंतींवरून परतणारा कर्कशपणा त्याने झाकला जात नाही, शिवाय उष्णता आणि ठरावीक काळाने वाल्व्ह बदलण्याचा खर्च मागे लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोव्याच्या पावसाळ्यात जाड पडदे आणि गालिचे बुरसतात. त्यावर उपाय कायमचे काही न चिकटवण्याचा. कापसाची जाड गोधडी भिंतीपासून चार बोटे सोडून टांगावी, उघडीप मिळाली की उन्हात घालावी. पातळ पडद्याने फक्त वरचे स्वर शोषले जातात आणि खालचे तसेच घुमत राहतात, म्हणून जाडी आणि मागची पोकळी दोन्ही हव्यात. पुस्तकांनी भरलेले कपाटही आवाज विखरून टाकते. दमट हवेत लवकर चुरणारी फोमची कड टाळून रबरी कडेचे स्पीकर घ्यावेत.

आवाज उबदार झाला की नुसता भोंगळ, हे ठरवायला गोव्यात घरचीच कसोटी आहे. २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य ठरलेले घुमट हे मातीचे भांडे आणि त्यावर ताणलेले चामडे. चवथीच्या घुमट आरतीत त्याच्या खर्जाबरोबर शामेळाच्या काठीचे ठोके आणि कासाळ्याचा धातूचा नाद असतो, म्हणजे खालचे, मधले, वरचे सगळे स्वर एका वेळी. द्रुत लयीत घुमटाचे ठोके एकमेकांत मिसळले तर खर्ज फुगला आहे. कासाळे टोचू लागले तर खोलीच्या भिंती उघड्याबोडक्या आहेत. रात्री हळू आवाजात ऐकताना खर्ज थोडा वाढवला तर शुद्धतावादी नाक मुरडतील. पण मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे, तेव्हा टोनचे बटण वापरण्यात कसला कमीपणा? ग्राहकाने दुकानदाराला वॅट विचारण्याऐवजी स्पीकर दोन दिवस घरी लावून पाहता येतील का, एवढेच विचारावे. नकार मिळाला तर दुसरे दुकान गाठावे.