३५ रुपयांची लिंबे

काही वर्षांपूर्वी मी शाळेची सहल घेऊन घाट उतरून कोकणात चाललो होतो. घाटाच्या वळणांनी चार-पाच पोरींना गाडी लागली. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीकडून मी ३५ रुपयांची लिंबे घेतली, पोरींना चोखायला दिली आणि सहल सुखरूप पार पडली. पुढे शाळेत हिशेबतपासनीस आले. वहीवरून फिरणारे त्यांचे बोट नेमके त्या लिंबांपाशी येऊन थांबले. "मास्तर, पावती?"

मी म्हटले, "साहेब, म्हातारीला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. ती पावती कुठून देणार?"

साहेब भला माणूस होता, हसला. पण शेरा मारायचा तो त्याने मारलाच. त्या शेऱ्यावर मी एकामागून एक तीन खुलासे लिहिले आणि शेवटी ३५ रुपये पदरचे भरले, तेव्हा कुठे प्रकरण मिटले.

माझी त्याबद्दल मुळीच तक्रार नाही. पैसा पालकांचा होता आणि दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब असाच द्यावा लागतो. माझे दुखणे निराळे आहे. २३ मार्च २०२३ या दिवशी आपल्या लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च चर्चेवाचून मंजूर केला. एका बाजूचे सभासद चौकशी हवी म्हणून ओरडत होते, दुसऱ्या बाजूचे माफी मागा म्हणून ओरडत होते आणि त्या गदारोळात काही मिनिटांत आवाजी मतदानाने हा सारा डोंगर पलीकडे गेला. कोणत्या खात्याला किती, कशासाठी आणि गेल्या वर्षी दिलेल्या पैशांचे काय झाले, हे त्या सभागृहात कोणी विचारले नाही. विचारले असते तर ते ऐकू आले नसते.

हा काही एकाच पक्षाचा पराक्रम नव्हे. २०१३ साली दुसरा पक्ष राज्यावर होता, तेव्हाही हेच झाले. २०१८ साली पुन्हा झाले. सत्तेच्या खुर्च्या बदलल्या; सवय तीच राहिली.

या प्रकाराला संसदेच्या भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत माणसांची मुंडकी उडवणारे जे यंत्र होते, तेच हे नाव. ठरलेली वेळ झाली की उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकायच्या, ही ती युक्ती. वेळ थोडा आणि खाती पुष्कळ, तेव्हा थोड्याफार मागण्या अशा जाणारच, हे मीही समजतो. शाळेत अभ्यासक्रम उरला की शेवटचे दोन धडे आम्हीही 'घरी वाचा' म्हणून सोडून देतो. पण पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत सारे पुस्तकच 'घरी वाचा' म्हणणाऱ्या मास्तराला कोण पगार देईल?

अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी संपले. परंतु ज्यांनी हा विषय आपल्याला शिकवला तेही मूळचे शाळामास्तरच होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पोरांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात लॉर्ड कर्झनसमोर ते अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती काय होते? मत नव्हते. अंदाजपत्रकातला एक रुपया कमी करण्याचा अधिकार नव्हता. बोलायची तेवढी मुभा होती. पण गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले आणि दाखवून दिले, की तिजोरीतली शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नसून गरिबांवर जास्त कर बसवल्याचा पुरावा आहे. मिठाच्या कराबद्दल ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. एकट्या गोखल्यांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हाती मत नव्हते त्याने रात्री जागून आकडे वाचले. आणि ज्यांच्या हाती आपण मत दिले, ते वह्या उघडीत नाहीत!

आणि हाती काय थोडे आहे? कपात सूचना नावाचे एक हत्यार प्रत्येक सभासदापाशी असते. एखाद्या खात्याच्या मागणीतून फक्त १०० रुपये कमी करा, अशी सूचना आणायची आणि त्या १०० रुपयांच्या निमित्ताने मंत्र्याला उभे करून आपल्या भागातली तक्रार विचारायची. धोरणच पसंत नसेल तर सारी मागणी एक रुपयावर आणा म्हणायचे. केवढी गमतीची आणि केवढी धारदार सोय! गिलोटिन पडले की याही सूचना तिच्याखाली जातात.

यावर काही जाणती मंडळी म्हणतात, "मास्तर, खरे काम सभागृहात होत नाही, समित्यांत होते." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९९३ पासून खात्यांच्या मागण्या स्थायी समित्यांपुढे जातात. झालेला खर्च पाहायला तर लोकलेखा समिती आहे, ती १९२१ पासूनची. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सभासद. मंत्री तिच्यात बसू शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपदही विरोधी पक्षाकडे देण्याचा रिवाज आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल तिच्या हाती येतो. या महालेखापरीक्षकाला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत म्हटले होते. ही व्यवस्था उत्तम आहे. पण तिची खोच मंडळी सांगत नाहीत. समितीचे कामकाज बंद दाराआड चालते. समितीपुढे सचिव येतात. मंत्र्याला साक्षीला बोलावण्याची पद्धत नाही. समिती शिफारस करते. शिफारस सरकारला बांधत नाही. म्हणजे मंत्र्याला समोरासमोर, चारचौघांत "पैसे कुठे गेले?" असे विचारण्याची जागा सभागृहाचीच. तिथे गिलोटिन पडले, तर मंत्र्याला विचारणार कोण आणि कुठे?

सभागृहाने विचारले म्हणजे काय होते, आणि न विचारले म्हणजे काय होते, याचे दोन जुने दाखले आहेत. १९४८ साली सैन्यासाठी लंडनमधल्या आपल्या हायकमिशनमार्फत जीपगाड्यांचा सौदा झाला. बहुतेक पैसे आधीच दिले गेले. गाड्या आल्या १५५, त्याही चालण्याजोग्या नव्हत्या. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, पुन्हा ओढले. अखेर १९५५ साली सरकारने 'प्रकरण संपले' असे जाहीर केले, आणि ज्यांच्या कारकीर्दीत तो सौदा झाला ते कृष्ण मेनन १९५६ साली मंत्री झाले. समितीचे कागद समितीपाशी राहिले.

आता दुसरा. १९५७ साली नुकत्याच जन्मलेल्या आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे १ कोटी २४ लाखांना घेतले. विमा कोणाचा? तुमच्या-आमच्यासारख्या हप्तेवाल्यांचा. त्या डिसेंबरात लोकसभेत फिरोज गांधी उठले. ते सत्ताधारी पक्षाचे, आणि वर पंतप्रधानांचे जावई! पण त्यांनी कागद गोळा केले होते, तारखा जुळवल्या होते इतकेच नव्हे तर अर्थमंत्र्यांना समोरच उत्तर द्यावे लागेल अशी मांडणी केली होती. आरडाओरडा न करता ते बोलले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशी नेमली गेली आणि ती मुंबईत उघड्या दारांनी चालली. ऐकायला एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याच्या आत निकाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

जीपचा सौदा ८० लाखांच्या घरातला, मुंदड्याचा सव्वा कोटीच्या. दोन्ही आज किरकोळ वाटतील. पण एकाचा जाब सभागृहाने मंत्र्याकडून घेतला आणि दुसऱ्याचा कोणी घेतला नाही, फरक एवढाच.

वाचकहो, सणासुदीला हा रुक्ष विषय कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. पण लक्ष्मीपूजनाला आपण नुसत्या लक्ष्मीची नव्हे, वहीचीही पूजा करतो. माझी आई दळणाच्या पैशांपासून वाणसामानापर्यंत सारे एका वहीत टिपायची, आणि त्या वहीवर हळदकुंकू वाहिल्याखेरीज फराळाच्या ताटाला हात लावू द्यायची नाही. तिला बजेट हा शब्द ठाऊक नव्हता. मात्र बाबांनी दहा रुपये जास्त मागितले की "मागचे कुठे गेले?" हा प्रश्न ती हमखास विचारी, आणि उत्तर मिळेपर्यंत डब्याचे झाकण उघडीत नसे.

"सगळे चोर आहेत हो!" असे म्हणून चकली मोडणे सोपे आहे. तसे म्हटले की कोणालाच काही विचारावे लागत नाही. मुळात त्या वाक्याची गोडी तीच आहे. मी या वेळी ते म्हटले नाही. आमच्या भागातल्या खासदारांना एक पत्र लिहिले आणि दोनच गोष्टी विचारल्या: मागच्या अंदाजपत्रकी अधिवेशनात आपण एखादी कपात सूचना दिलीत का, आणि दिली असल्यास कोणत्या खात्यावर? पत्र रजिस्टरने पाठवले. त्याची पावती मात्र जपून ठेवली आहे.

परवा उत्तर आले. गुळगुळीत कागदावरचे दिवाळीचे शुभेच्छापत्र होते. एका बाजूला पणती, दुसऱ्या बाजूला खासदारसाहेबांचे हात जोडलेले छायाचित्र. माझे नावही बरोबर लिहिले होते. दोन्ही प्रश्नांबद्दल एक अक्षर नव्हते, आणि छपाईचा खर्च कोणत्या खात्यावर पडला तेही कुठे छापलेले नव्हते. मी दुसरे पत्र टाकले आहे.