नोंदीला आधी अर्थ द्या, मग ती जोडा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या रचनेची समान व खुली मानके राज्यात लागू करण्याबाबत.

महोदय,

तालुक्याच्या ठिकाणी छोटी रुग्णालये, दवाखाने आणि रक्त-लघवीच्या प्रयोगशाळा चालवणाऱ्यांची आमची संघटना आहे. संगणकाला आमचा विरोध नाही. हे आधीच सांगतो, कारण या विषयावर तोंड उघडले की ‘डॉक्टरांना बदल नकोच असतो’ हे उत्तर तयार असते. आमच्यातले अनेक जण रुग्णाच्या ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाशी नोंदी जोडत आहेत. प्रश्न आहे तो जोडतो काय याचा. बहुतेक वेळा केसपेपरचा मोबाइलवर काढलेला फोटो, नाहीतर अहवालाची पीडीएफ. हा कागद दुसऱ्या दवाखान्यात पोचतो, पण त्यातली साखर, औषध किंवा ॲलर्जी तिथल्या संगणकाला कळत नाही. तिथला डॉक्टर तो डोळ्यांनी वाचतो आणि पुन्हा हाताने टाइप करतो.

मानके नाहीत, असे नाही. केंद्राने २०१३ मध्ये आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. रोग व लक्षणांसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, वर्गीकरणासाठी आयसीडी-१० ही नावे त्यात आहेत. स्नोमेडचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, त्यामुळे इथे त्याला परवाना शुल्क पडत नाही. आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र तर पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी एफएचआयआर या मानकावर आधारलेले आराखडे तेच केंद्र प्रसिद्ध करते : बाह्यरुग्ण तपासणी, औषधचिठ्ठी, डिस्चार्ज सारांश, तपासणी अहवाल, लसीकरण वगैरे. त्याच संचात एक आराखडा नुसत्या दस्तऐवजासाठी आहे. त्यात फोटो किंवा पीडीएफ घालता येते. जुन्या कागदांसाठी ही सोय हवीच होती. आज सॉफ्टवेअर विकणाऱ्यांसाठी ती पळवाट झाली आहे.

शिवाय आराखडा हे पाकीट आहे. आत काय लिहायचे आणि ते कोणत्या तपशिलापर्यंत, हे प्रत्येक आजारापुरते कोणीतरी ठरवावे लागते, आणि तिथेच सगळे अडते. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. आश्रमशाळेत सोल्युबिलिटी चाचणी होते. ती होकारार्थी आली तर रक्तात हिमोग्लोबिन ‘एस’ आहे एवढेच कळते. मूल वाहक आहे की ग्रस्त, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यांसारखी पुढची चाचणी केल्यावरच ठरते. नोंदीत मात्र ‘निदान’ नावाच्या एकाच रकान्यात ‘सिकल पॉझिटिव्ह’ असे पडते. गडचिरोलीची अशी एखादी मुलगी पुढे शिकायला नागपूरला गेली, ताप आणि हाडे दुखणे घेऊन रुग्णालयात आली, तर या दोन शब्दांवरून डॉक्टरने काय समजायचे? ग्रस्त मुलीला वाहक समजले तर वेदनेचा झटका ओळखायला उशीर होतो. वाहक मुलीला ग्रस्त ठरवले तर लग्नाच्या बोलण्यांत तिला नाहक आजारी गणले जाते. चाचणी कोणती केली, तिचा निकाल काय आणि त्यावरून डॉक्टरने काढलेला निष्कर्ष काय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना तीन वेगळ्या जागा हव्यात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तिने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. एवढ्या मोठ्या कामाची नोंद दोन मोघम शब्दांवर उभी राहू नये.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी : गरोदरपण, सिकलसेल, क्षयरोग, मधुमेह-रक्तदाब आणि सर्पदंश या पाच विषयांसाठी नोंदीची किमान व्याख्या राज्याने तयार करून सर्वांसाठी खुली प्रसिद्ध करावी. ती पुण्याच्या केंद्राच्या आराखड्यांवरच बसवावी. राज्याचे वेगळे मानक काढून नवा घोळ घालू नये. ओपनईएचआर या पद्धतीत डॉक्टर आधी ‘रक्तदाब’ म्हणजे काय काय, याची सविस्तर व्याख्या करतात (वरचा आकडा, खालचा आकडा, बसून की झोपून, पट्टा कोणत्या मापाचा) आणि संगणकवाले त्यावरून नोंदीचा पडदा (स्क्रीन) बनवतात. क्रम हाच हवा. आज पडदा आधी येतो आणि रुग्णाला त्यात कोंबावे लागते. व्याख्या करणाऱ्या समितीत प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आयुष पदवीधर असावेत. ग्रामीण भागातली पहिली नोंद यांच्याच हातून होते.

सर्पदंश या यादीत मुद्दाम घातला आहे. आयसीडी-१० मध्ये सापाच्या विषाला टी६३.० हा एकच कोड आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे सगळे त्यात. दंशाची वेळ, सूज, पापण्या पडणे, रक्त गोठण्याची चाचणी, प्रतिविषाच्या किती बाटल्या दिल्या, हे कोडमध्ये मावत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो. बारीक नोंदींचे मोल विंचूदंशात दिसले आहे : महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे जे संशोधन केले, ते खाटेशेजारी बसून केलेल्या बारकाईच्या निरीक्षणांतून उभे राहिले. ‘विंचूदंश, उपचार दिले’ एवढ्या नोंदीतून असे काही हाती लागत नाही.

दुसरी मागणी इथल्या माणसांसाठी आहे. पडद्यावर विचारतात, ‘धूम्रपान : हो/नाही’. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बाईच्या पुढे ‘नाही’ उमटते. ती खोटे बोलली नाही; तिला प्रश्नच चुकीचा विचारला. तंबाखूच्या नोंदीत मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू, विडी हे प्रकार वेगळे हवेत. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली पिढी अजून रांगेत उभी आहे, आणि संगणक पूर्ण तारखेशिवाय पुढे जात नाही. एफएचआयआरमध्ये नुसते वर्ष लिहिण्याची मुभा आहे. सॉफ्टवेअर ती देत नाही. अंदाजे वय अंदाजे म्हणूनच नोंदवता यावे. तसेच ॲलर्जीचा रकाना रिकामा असणे आणि ‘विचारले, ॲलर्जी नाही’ यांत एखाद्याच्या जिवाइतका फरक आहे. पडद्यावर तो दिसला पाहिजे.

प्रयोगशाळांबाबत थोडक्यात. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट कोणी ‘१.५’ लिहितो, कोणी ‘१५०’, कोणी ‘१,५०,०००’. आकडा एकच आहे, पण संगणक तो एका आलेखावर टाकायला गेला तर रुग्ण एका रात्रीत मेला आणि सकाळी उठला असे दिसेल. लॉइंक कोड आणि ठरलेले एकक यांशिवाय अहवाल यंत्रणेत स्वीकारू नये. हे कोड लावण्याचे काम मात्र सॉफ्टवेअर देणाऱ्याने आधीच करून द्यावे. दोन माणसांच्या प्रयोगशाळेवर ते टाकू नये.

तिसरी मागणी पैशाची आणि सुटकेची. २०१६ च्या मानकांनुसार नोंदीतली माहिती रुग्णाची असते, आम्ही तिचे विश्वस्त. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर बदलायला गेलेल्या आमच्या सदस्यांना जुन्या कंपनीकडून पीडीएफचा ढीग मिळतो, तोही पैसे मोजून. शासकीय निविदांत, तसेच खासगी रुग्णालयांना विकल्या जाणाऱ्या प्रणालींच्या मान्यतेत एक अट घालावी : मागितल्यावर संपूर्ण माहिती कोडसह, मानक रचनेत, विनामूल्य परत द्यावी लागेल. करार करण्याआधीच ती एकदा काढून दाखवावी. केंद्राच्या डिजिटल हेल्थ प्रोत्साहन योजनेने पैसे ठरवले ते जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर. राज्याने स्वतःचे अनुदान द्यायचे ठरवले तर ते नोंदीतल्या कोड केलेल्या माहितीवर द्यावे, नाहीतर आम्हीही माणसेच आहोत, फोटोच काढू.

गोपनीयतेवर तडजोड नको. गर्भपाताची नोंदवही कायद्याने गुप्त आहे, आणि एचआयव्हीची स्थिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधन आहे. पूर्ण डिस्चार्ज सारांश एकगठ्ठा पाठवणारी प्रणाली ही बंधने मोडू शकते. एकेका नोंदीला संवेदनशील अशी खूण करण्याची सोय एफएचआयआरमध्ये आहे. ती सक्तीची करावी आणि संमतीच्या वेळी रुग्णाला मराठीत दाखवावी.

शेवटचे आपल्या दोन्ही विभागांसाठी. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय एका विभागाचे, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्याचे, महापालिकेचे रुग्णालय तिसऱ्याचेच. रुग्ण मात्र एकाच आजारासाठी या सगळ्या पायऱ्या चढतो. पाच व्याख्यांचा आदेश दोन्ही विभागांनी संयुक्तपणे काढावा आणि नगरविकास विभागाला त्यात घ्यावे. मसुद्यासाठी सदस्यांच्या दवाखान्यांतले कोरे केसपेपर, रुग्णाची ओळख नसलेले नमुने आणि रोजच्या अडचणींची टिपणे आम्ही देऊ. पहिल्या बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
कार्यकारी मंडळ