हॉटेलं उघडली, पण गावाकडं आलेल्या पोरांचं काय?

राज्यातली हॉटेलं १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री १० पर्यंत सुरू ठेवायला परवानगी मिळाली होती. निम्म्याच गिऱ्हाइकांना बसवायचं, ही अट होतीच. पण गावात अडकलेल्या कामगारांना खरी नडत होती ती दुसरी अट. कर्मचाऱ्याचे लसीचे दोन्ही डोस झालेले पाहिजे होते आणि त्यानंतर १४ दिवस गेलेले पाहिजे होते.

हिशेब मांडून बघा. १८ वर्षांवरील सगळ्यांसाठी राज्यात लस पुन्हा सुरू झाली २२ जून २०२१ ला. त्याच दिवशी कोव्हिशिल्डचा पहिला डोस मिळालेल्या २५ वर्षांच्या वेटरचे ८४ दिवस १४ सप्टेंबरला भरत होते. वर १४ दिवस धरले की २८ सप्टेंबर. हा झाला नशीबवानाचा हिशेब. ज्याचा नंबर महिनाभर उशिरा लागला, त्याला दिवाळीच उजाडणार होती. तोवर शेठ हॉटेल बंद ठेवून वाट बघणार नव्हता. जवळचा दोन डोसवाला माणूस तो कामावर घेणार होता.

हॉटेलातली नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. वेटर, आचारी, भांडीवाले यांतले बरेच जण राहतात हॉटेलात आणि जेवतातही तिथंच. म्हणजे पगार, टीप, जेवण आणि डोक्यावरचं छप्पर एकाच दिवशी जातं. महाबळेश्वर, मालवणसारख्या ठिकाणी वर्षाची कमाई एप्रिल-मे महिन्यांत होते. २०२० आणि २०२१ असे दोन्ही सिझन बुडाले.

मूळ दुखणं कागदाचं आहे. लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या, असा आदेश केंद्रानं २९ मार्च २०२० ला काढला होता. तो मे महिन्यात मागं घेतला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं मालक-कामगारांनी आपसात तोडगा काढावा, असं सांगितलं. पण ज्याच्याकडं नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीवर नाव नाही, तो कुठल्या आधारावर तोडगा मागणार?

याचा भार मनावर येतो. बचत गटाचा हप्ता थकलेला, सोयरीक पुढं ढकललेली आणि पारावर रोज एकच प्रश्न, "कधी जाणार परत?" झोप उडणं, चिडचिड, दारू वाढणं, माणसांत न मिसळणं ही त्याची लक्षणं. घरच्यांनी याला आळस म्हणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी बोलावं, त्यात लाज कसली?

हाताशी दोन गोष्टी आहेत. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. २०२१ मध्ये अटींत बसणाऱ्याला नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळत होती. पीएफ, ईएसआय काहीच नसेल, तर २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करावी. वय १६ ते ५९ पाहिजे, नोंदणी फुकट आहे. तिथं २०२१ मध्ये अपघात विमा २ लाखांचा मिळत होता. पगार मिळत नाही, पण सरकारदरबारी कामगार म्हणून नाव तरी लागतं.

ग्रामपंचायतींनाही तेव्हा एक काम करता येण्यासारखं होतं. परत कामावर जाऊ पाहणाऱ्यांची यादी करून दुसऱ्या डोससाठी आरोग्य केंद्राकडं पाठपुरावा करायचा. एका सुईवर एका घराची चूल अडली होती.