मनाच्या आजाराचे संशोधन आणि सहभागाचा प्रश्न

मानसिक आजारांवरील संशोधन म्हटले की आजही आपल्या डोळ्यांपुढे येरवड्याचे मनोरुग्णालय किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील बाह्यरुग्ण विभाग उभा राहतो. वस्तुस्थिती आता बरीच पालटली आहे. ज्याला द्विध्रुवी विकार, किंवा सर्रास बोलण्यात ‘बायपोलर’, म्हणतात त्या आजाराच्या रुग्णांसाठी इंटरनेटवरून चालणारे स्वमदतीचे पाठ निघाले आहेत. रुग्णाने रोजची मनःस्थिती, झोप, औषध यांची नोंद मोबाइलवर करावी, काही पाठ वाचावेत, आजार उसळण्याची पूर्वचिन्हे ओळखण्यास शिकावे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. या पाठांचा खरोखर उपयोग होतो की नाही हे तपासण्यासाठी संशोधकांना माणसे लागतात, आणि तशी निमंत्रणे आता पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाहीत. सोलापूर रस्त्यावरच्या पाटससारख्या गावातील घरातही ती पोहोचू शकतात. हे निमंत्रण स्वीकारावे काय, आणि स्वीकारायचे तर कोणत्या अटींवर, हा वरकरणी खाजगी दिसणारा प्रश्न वस्तुतः सार्वजनिक आहे.

प्रथम आजाराविषयी. या विकारात माणूस दोन टोकांमध्ये हेलकावतो. एका काळात अमर्याद उत्साह, झोपेची गरजच न वाटणे, वारेमाप बोलणे, न पेलणारे खर्च आणि व्यवहार. दुसऱ्या काळात अंथरुणातून उठण्याचीही इच्छा नाहीशी करणारा विषाद. मधल्या काळात हाच माणूस तुमच्याआमच्यासारखा कामधंदा करीत असतो, आणि त्यामुळेच घरच्यांना हा आजार आहे हे उमगण्यास अनेकदा वर्षे जातात. उन्मादाच्या भरात सौदा करून विकलेले अर्धा एकर रान पुढे विषाद ओसरला तरी परत येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर या आजाराचा खर्च औषधाच्या चिठ्ठीवर दिसत नाही, तो सातबाऱ्यावर आणि सोसायटीच्या थकबाकीत दिसतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे ०.३ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी हा विकार होता, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांपासून वंचित होते. टक्केवारी लहान वाटते. परंतु देशाच्या लोकसंख्येशी गुणाकार केला की संख्या लाखांत जाते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. हे सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश होते, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या राज्यातील रुग्णांचा हिशेब त्या पाहणीपुरता तरी आपण शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून मांडायचा. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही, हे आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी कळते.

पाटस पुण्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. रेल्वे आहे, महामार्ग आहे, भीमा सहकारी साखर कारखाना आहे, जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. दुर्गम असे हे गाव मुळीच नव्हे. तरीही मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागते, आणि त्यात रुग्णाचा व सोबत जाणाऱ्याचा एकेक दिवस जातो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ज्याचा गुण प्रथम दाखविला ते लिथियम हे या विकारावरचे जुने, स्वस्त आणि आजही मोलाचे औषध आहे. पण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर तपासावे लागते. गोळी स्वस्त आणि तिच्यासाठी करायचा प्रवास महाग, असा हा उफराटा हिशेब आहे. (स्वस्त औषधाची जाहिरात कोणी करीत नाही, हेही ओघाने आलेच.) अशा ठिकाणी तज्ज्ञाच्या आधी मोबाइल पोहोचला आहे. तेव्हा त्या मोबाइलवरून काही आधार मिळत असेल तर तो हवाच, असे कुणालाही वाटणे साहजिक आहे.

परंतु वाटणे आणि सिद्ध होणे यांत फरक आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका स्वमदत पाठमालेची १२२ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना पाठमाला लगेच मिळाली त्यांचे जीवनमान, प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांच्या तुलनेत, सुधारल्याचे दिसले. त्याच विद्यापीठाने पुढे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक साधन तयार केले आणि ८०० नातेवाइकांवर ते तपासले. २०२० मध्ये निष्कर्ष आला तो असा की उपयुक्त पत्त्यांची आणि माहितीची साधी सूची मिळालेल्या नातेवाइकांपेक्षा या साधनाचा लाभ घेणाऱ्यांचा मानसिक ताण अधिक कमी झाला नाही. डेन्मार्कमध्ये ७८ रुग्णांनी सहा महिने मोबाइलवर रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवली. २०१५ च्या त्या अहवालात अपेक्षित लाभ तर आढळला नाहीच, उलट अशा सततच्या नोंदीने विषादाची लक्षणे रेंगाळत असावीत अशी शंका संशोधकांनीच व्यक्त केली. रोज स्वतःच्या दुःखाला गुण द्यायचे, आणि रोज ते कमी पडलेले पाहायचे, याने एखाद्याचे दुःख वाढले तर नवल नाही.

हे निष्कर्ष निराशाजनक आहेत असे मला वाटत नाही. चाचणी झाली म्हणून तर हे कळले. ज्या उपायांची चाचणीच होत नाही ते सगळेच्या सगळे यशस्वी असतात! आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने फुले २६५ हे वाण दिले तेव्हा त्याने आधी विचारले असणार की कोणत्या जमिनीत घेतले, पाणी किती, शेजारच्या वाफ्यात कोणता ऊस होता. शेजारच्या वाफ्याशी तुलना केल्यावाचून कोणत्याही वाणाची प्रशंसा पोकळ असते. संशोधनात काही रुग्णांना पाठमाला मिळते आणि काहींना ती उशिरा मिळते, तेही चिठ्ठ्या टाकून ठरते, त्यामागचा तर्क हाच आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की वाफ्याची संमती घ्यावी लागत नाही.

कोणत्या जमिनीत, हा प्रश्न तर येथे अधिकच कळीचा ठरतो. परदेशी पाठमाला सांगते की रोज ठरावीक वेळी झोपा, कारण झोप मोडली की उन्मादाला वाट मिळते. वैद्यकदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. पण ज्या शिवारात शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, तेथे मध्यरात्री दारे धरायला जाणाऱ्याने काय करावे? गळीत हंगामात कारखान्यातल्या कामगाराला पाळी बदलून येते, त्याने कोणते वेळापत्रक पाळावे? लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले की औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने चढू शकते. एप्रिलच्या उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्यासाठी ही सूचना पहिल्या पानावर हवी. थंड देशात लिहिलेल्या पाठात ती सातव्या पानावर असली तरी तिथल्या वाचकाचे फारसे बिघडत नाही. दौंड-शिरूरचा रुग्ण संशोधनात नसेल तर त्याच्या अडचणी त्या साधनात येणार नाहीत, आणि मग ते साधन त्याच्यासाठी निरुपयोगी आहे असे कुणी सिद्धही करणार नाही. सहभागाच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा युक्तिवाद हा आहे.

आता दुसरी बाजू. मागे पाटसकडचे एक पालक असाच एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगी सज्ञान, शिकलेली, औषधोपचाराने सावरलेली. अर्ज अकरा पानांचा आणि पूर्णपणे इंग्रजीत होता. त्यांचा प्रश्न साधा होता : “सर, ती म्हणती भरायचा. भरू दे, पण ह्यात तिचं नाव कुठंकुठं जाणार, तेवढं वाचून सांगा.” अकरा पानांत त्याचे उत्तर होते, पण ते नवव्या पानावर होते, आणि ते वाचूनही माझे पूर्ण समाधान झाले नाही.

त्यांची भीती भाबडी नव्हती. हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट प्रकारचा व तीव्रतेचा मनोविकार हे आजही घटस्फोटाचे एक कारण आहे. सोयरिकी जेथे चार गावांच्या परिघात जुळतात तेथे अशी एक नोंद बाहेर फुटली तर तिची किंमत मुलीला आयुष्यभर मोजावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नागरिकाला आपल्या माहितीवर काही अधिकार दिले हे खरे. परंतु संशोधन व सांख्यिकी यांसाठीच्या वापराला, काही मानके पाळण्याच्या अटीवर, त्याच कायद्यात सवलत ठेवली आहे. शिवाय धोका दूरच्या संगणकातूनच येतो असे नाही. ज्या घरात एकच चांगला मोबाइल चौघांच्या हातात फिरतो तेथे रोज रात्री ‘आज तुम्हाला जगावेसे वाटले काय?’ असा प्रश्न पडद्यावर उमटणे म्हणजे काय, याचा विचार अर्ज तयार करणाऱ्यांनी केलेला नसतो.

संमतीचा मुद्दा या आजारात विशेष नाजूक आहे. उन्मादाच्या काळात माणूस कशावरही सही करील, आणि विषादाच्या काळात आपले काहीही झाले तरी फरक पडत नाही असे समजून सही करील. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९९ व्या कलमाने मनोरुग्णावरील कोणत्याही संशोधनासाठी, नुसती मुलाखत घ्यायची असली तरी, मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरविली आहे. जो संमती देण्याच्या स्थितीत नाही त्याच्यासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याच कायद्याने रुग्णाला बरे असताना आपला प्रतिनिधी नेमून ठेवण्याची आणि पुढील उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची मुभा दिली आहे. माझ्या मते सहभागाचा निर्णयही असाच बऱ्या काळात, विश्वासातल्या माणसासमक्ष घ्यावा, आणि आजार उसळल्यास काय करायचे हे त्याच वेळी लिहून ठेवावे. प्रत्यक्ष भेटीत माणसाची स्थिती डॉक्टरला दिसते. पडद्यापलीकडच्या संशोधकाला फक्त खूण केलेला चौकोन दिसतो.

मग जबाबदारी कुणाची? रात्री दोन वाजता रुग्णाने आत्मघाताचा विचार नोंदविला तर ती नोंद सकाळी दहाला कुणीतरी पाहील, हे उत्तर पुरेसे नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा चोवीस तास उपलब्ध आहे, आणि ती मराठीतूनही मिळते. तो क्रमांक अर्जाच्या तळाशी छापला की आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या संशोधकाकडे जाऊ नये, असे मी त्या पालकांना सांगितले.

मोबदल्याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात एक विचित्र संकोच आहे. संशोधन हे सत्कार्य, त्याचे पैसे काय मागायचे, असे म्हटले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. आमिष ठरेल एवढी रक्कम देऊ नये, इतकेच. पाऊण तास प्रश्नावली भरणाऱ्या मजुराचा वेळ फुकट आणि तिचे कोष्टक बनविणाऱ्याचा वेळ पगारी, हा न्याय मला समजत नाही.

परिणामकारक काम कसे होते याची उदाहरणे मराठी मुलखात आणि शेजारी आहेत. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ विषादग्रस्तांवर जी चाचणी केली तीत समुपदेशन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीव्र विषादावर त्याचा गुण आल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात उपचार घेणाऱ्या विषादग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे दोन्ही प्रयोग विषादाचे. द्विध्रुवी विकार त्यांचा विषय नव्हता. पण गावातलाच माणूस गावातल्या बोलीत बोलला की लोक दार उघडतात, एवढे त्यांवरून दिसते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांनी ‘रुग्ण’ हा शब्द बाजूला ठेवून ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द वापरात आणले आहेत. मोबाइलवरील पाठमालेमागे असा एखादा प्रशिक्षित शुभंकर, आठवड्यातून एक फोन करणारा का होईना, असावा. एकटा पडदा पाहून माणसे चारदोन आठवड्यांत कंटाळतात, हे कोणत्याही दूरशिक्षणाच्या वर्गावर शिकविणारा प्राध्यापकही सांगू शकेल.

तेव्हा सहभागी व्हावे, असेच माझे मत आहे. मात्र चालू औषध त्यासाठी बंद करावे लागणार नाही, डॉक्टरांना त्याची कल्पना दिलेली आहे, आणि केव्हाही कारण न सांगता बाहेर पडता येईल, याची लेखी खात्री करूनच. त्या संशोधनाला नीतिसमितीची मान्यता आहे काय हे विचारावे. उपचारांच्या चाचणीची नोंद २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत आहे काय, हेही कोणालाही विनामूल्य पाहता येते. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचा कारकून किंवा महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी एवढी चौकशी शेजाऱ्यासाठी सहज करू शकेल.

त्या पालकांना मी चार प्रश्न मराठीत लिहून दिले आणि उत्तरे मराठीतच मागा असे सुचविले. तीन आठवड्यांनी दोन पानांचे उत्तर आले. मुलीने ते स्वतः वाचले, एका कलमाखाली रेघ मारून आणखी एक खुलासा मागितला, आणि तो मिळेपर्यंत सही राखून ठेवली आहे.