डबा, डबी आणि व्याकरणाचा तास

वारा सुटला, वीज चमकली, आभाळ गडगडलं. पहिलीतलं मूलही इथे चुकत नाही. ‘वीज चमकला’ असं कुणी म्हणालं तर ते लगेच हसतं. तिन्ही लिंगं ते घरूनच शिकून आलेलं असतं.

तरीही पुढे लिंगाची व्याख्या फळ्यावर येते, वहीत उतरते, पाठ होते आणि स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की पेन्सिल अडते. २०२२च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम ४२.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. अशा वर्गात व्याख्या घोकून घेण्यात तास घालवणं हा मुलांवर अन्याय आहे.

त्यापेक्षा फळ्यावर डबा-डबी, सुरा-सुरी, गोळा-गोळी लिहावं आणि फरक विचारावा. मोठं-लहान हे उत्तर मुलंच देतात. मग घरातून, शेतातून आणखी जोड्या शोधून आणायच्या. कुणीतरी घोडा-घोडी आणणारच, आणि वाद पेटेल: घोडी काय छोटा घोडा असते? स्त्रीलिंग कधी मादी दाखवतं, कधी लहानपण, हे त्या भांडणातून मुलांना जसं कळेल तसं व्याख्येतून कळणार नाही.

वाचनासाठीही ‘ज्ञ’पर्यंत थांबायला नको. म, क, न, ल आणि एक काना एवढ्यावर कान, नाक, मका, कमान, मामा, काका तयार होतात. ‘काकाला मका, मामाला कमान’ असं वाचून वर्ग खिदळतो, आणि खिदळत पुन्हा वाचतो.

अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली आणि पुढे तिथेच १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू केली. मुलांचं बोलणं आधी कान देऊन ऐकलेली व्यक्ती शाळा काढते, हे फार मोलाचं आहे. एरवी घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ उमटते आणि ते लिहायलाच बिचकू लागतं. त्याचं वाक्य आधी जसंच्या तसं फळ्यावर यावं, शेजारी पुस्तकातलं. दोन्ही मोठ्याने वाचून फरक मुलांनीच सांगावा.

परीक्षेतही ‘लिंग ओळखा’चे गुण काढून ‘आज शाळेच्या वाटेवर काय दिसलं, ते पाच वाक्यांत लिहा’ या प्रश्नाला द्यावेत. तपासायला वेळ लागेल. तो शिक्षकांना मिळावा यासाठी त्यांच्यामागची माहिती भरण्याची कामं आधी कमी करायला हवीत.